माणसे बदलू नकोस

प्रभूमध्ये प्रिय,

तुला सलाम. तुझ्या पत्रात देवाविषयी एकही शंका नाही, सगळ्या शंका माणसांविषयी आहेत, म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटले. चर्चमध्ये तुझा जीव घुसमटला, कमिटीच्या निवडणुका आणि पाळकांभोवतीचे गट तुला सोसवेनात, हे मला समजते. पण त्यानंतर तू काय केलेस? काही आठवडे एका घरगुती प्रार्थनागटात गेलास, मग व्हिडिओ कॉलवरचा बायबल अभ्यास धरलास, मग एक शिबिर केलेस, आणि आता ‘आपली माणसे कुठेच सापडत नाहीत’ अशी तक्रार करतोस. सापडतील कशी? कोणाला तुझा कंटाळा यावा इतकाही तू कुठे टिकला नाहीस.

माझे सांगणे एकच आहे. इमारत सोडलीस तर सोड, व्यासपीठ सोड, लागलेच तर रविवारची सकाळही सोड. पण माणसे बदलू नकोस.

‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत’ तेथे मी आहे, हे येशूचे वचन तू आधारासाठी उद्धृत केले आहेस. चर्चबाहेर पडलेला प्रत्येक जण ते करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात त्याच्या आधीच्या ओळी मात्र कोणी वाचत नाही. तिथे विषय आहे तो भावाने अपराध केला तर काय करायचे याचा: आधी त्याला एकट्याला गाठून सांगा, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना सोबत न्या, तरीही नाही ऐकले तर मंडळीला कळवा. म्हणजे ते दोघे-तिघे भांडण मिटवायला बसलेले आहेत. दर महिन्याला नवा गट शोधणाऱ्याला या वचनाचा काय उपयोग? त्याचे कोणाशी भांडणच होत नाही, कारण भांडण होण्याआधीच तो निघून गेलेला असतो.

घरात जमणारी मंडळी ही काही आजची टूम नाही. येशूनंतरच्या पहिल्या पिढीत प्रिस्का आणि अक्विल्ला या दांपत्याच्या घरी मंडळी जमत असे, नुंफेच्या घरी जमत असे, फिलेमोनाच्याही घरी जमत असे. फिलेमोनाला लिहिलेले प्रेषित पौलाचे पत्र एकदा या दृष्टीने वाच. अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवताना पौल ते पत्र एकट्या धन्याला लिहीत नाही, त्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीचाही आरंभी उल्लेख करतो. ज्या दारातून अनेसिम गेला होता त्याच दारातून त्याला त्याच माणसांसमोर यायचे होते, आणि त्या माणसांनी त्याला भाऊ म्हणायचे होते. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या मंडळीत जाणे त्याला किती सोपे गेले असते!

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १७४२ मध्ये, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी ठरले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण बारा जणांमागे एकाने घरोघरी जाऊन ती गोळा करावी. पैसे मागायला दारी गेलेल्या माणसाला आतले सगळे दिसू लागले, दारू, भांडणे, आजारपण. आणि या वसुलीतूनच दर आठवड्याला भेटून एकमेकांच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करणारे छोटे वर्ग उभे राहिले. तेच बारा जण, दर आठवड्याला. मला यात उपदेशापेक्षा त्या पेनीचे कौतुक वाटते.

आमच्या गटात एक वयस्कर बंधू आहेत. त्यांची प्रार्थना सुरू झाली की संपत नाही. ती लांबते कारण मागच्या आठवड्यात कोण काय बोलले ते सारे त्यांच्या ध्यानात असते: कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन, कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणी भावाशी धरलेला अबोला. नाव घेऊन, क्रमाने. मला ती प्रार्थना अजूनही लांबच वाटते. पण इतकी वर्षे एका खोलीत बसल्याशिवाय अशी प्रार्थना कोणाला करता येत नाही.

मी चर्च फोडले असे काही जण आजही म्हणतात. मी निघाले तेव्हा एकालाही सोबत चल म्हटले नव्हते आणि माझी वर्गणी पूर्ण भरलेली होती. तुला हे सांगण्याचे कारण नाही, लिहिता लिहिता आले. जे गमावले तेही सांगते. भरल्या उपासनेत शंभर गळ्यांतून उठणारे गीत आमच्या सहा जणांच्या खोलीत उठत नाही, त्यातले दोघे तर बेसूरच आहेत. माझ्या मुलांना समवयस्कांचा रविवारचा वर्ग मिळाला नाही. आज ती दोघेही प्रार्थनेला बसत नाहीत आणि त्याचा दोष कोणाला द्यावा हे मी ठरवू शकलेले नाही.

आता तुझे बाकीचे प्रश्न. व्हिडिओ कॉल चालेल, चेहरे तेच असतील आणि न आलेल्याला त्याच दिवशी कोणीतरी फोन करणार असेल तर. आवडती वचने निवडत बसू नका, एक पुस्तक घेऊन आरंभापासून शेवटपर्यंत वाचा, म्हणजे नकोशा वाटणाऱ्या ओळीही वाट्याला येतील. पैसे गोळा झाले तर दोघांनी मोजावेत आणि वहीत लिहावेत. प्रश्न विचारल्यावर चिडणारा पुढारी दिसला तर मात्र ऊठ आणि चालता हो. टिकून राहा म्हणते याचा अर्थ कोणाच्या धाकात राहा असा नाही.

प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याविषयी, मी तुझ्यासाठी निर्णय देणार नाही. ब्रदरन परंपरेत दीक्षित पाळकाशिवाय भाकर मोडतात, कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरांत ते चालत नाही. तुझे मन द्विधा असेल तर त्यासाठी जवळच्या चर्चमध्ये जा. वेस्ली स्वतः शेवटपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच राहिला आणि आपल्या लोकांनाही तेथील प्रभुभोजनाला जायला सांगत असे. तिथे मागच्या बाकावर बसलास तरी चालेल.

त्या पहिल्या प्रार्थनागटात परत जा. ज्या बाईंच्या बोलण्याचा तुला राग आला होता त्या अजून येत असतील तर त्यांच्या शेजारी बस, आणि वर्षभराने मला लिही.

तुझी,
मावशी