कल्चर कोरं आलं म्हणून हात झटकू नकोस

मिरजेत नवीन रुजू झाली आहेस म्हणून सांगतो. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या झडपेवर गाठ दिसतेय, ताप उतरत नाही आणि ब्लड कल्चर पाच दिवस कोरं (रक्तातून जंतू वाढलेच नाहीत), असा झडपेच्या संसर्गाचा, म्हणजे एंडोकार्डायटिसचा संशय असलेला पेशंट आला की आधी विचार: अँटिबायोटिक कधी सुरू झालं? गावाकडून दोन इंजेक्शनं घेऊन आलेल्याचं कल्चर कोरं येऊ शकतं.

दुसरा प्रश्न गोठ्याचा. गाय, शेळी, मेंढी व्यायली तेव्हा वार कोणी उचलली? कॉक्सिएला हा जंतू तिथून येतो. तो पेशीच्या आतच वाढतो, कल्चरच्या बाटलीत नाही. त्याला अँटिबॉडी तपासणीने पकडायचं. फेज १ आयजीजी (या जंतूविरुद्धची अँटिबॉडी) १:८०० च्या वर गेलं की संशय पक्का. बार्टोनेला या जंतूचंही तसंच, अँटिबॉडीने पकडायचं, फक्त तिथं मांजर आणि उवांबद्दल विचारायचं. (लोक लाजतात, तरी विचार.) २०२३ च्या ड्यूक निकषांत (एंडोकार्डायटिसच्या निदानाचे निकष) या दोघांचा रक्तातला पीसीआरही (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) मुख्य पुरावा धरलाय.

ऑपरेशन ठरलं तर सर्जनना आदल्या दिवशीच फोन कर. झडपेचा एक तुकडा निर्जंतुक डबीत, फॉर्मलिनशिवाय हवा. फॉर्मलिनने डीएनए तुटतो. माझी एक केस अशीच हातची गेली. १६एस पीसीआर (कोणत्याही बॅक्टेरियाचा डीएनए शोधणारा) झडपेवर जितका चालतो तितका रक्तावर नाही.

आणि झडपेचा पीसीआर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच औषध वाढवू नकोस. मेलेल्या जंतूंचा डीएनए झडपेत कित्येक महिने राहतो. औषध किती दिवस झालंय, ते बघून बोल.