ज्येष्ठांसाठी गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनवतोय. त्यांच्याकडून खरं मत कसं काढून घ्यावं?

इंदूरमधल्या दहा-बारा आजी-आजोबांना ॲप दाखवलं आणि सगळे "छान आहे" म्हणाले, असं लिहिलंयस. म्हणणारच. कुणाच्या तरी पोराने रात्री जागून काही केलंय, तोंडावर नावं कोण ठेवेल? मी ७२ वर्षांची, टेलिफोन खात्यातून निवृत्त, लोकमान्यनगरात राहते. नातवाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतेय.

मुळात तू आमच्याकडे उशिरा आलास. स्क्रीन ठरले, रंग ठरले, मग विचारलंस. आधी येऊन नुसता बसला असतास तरी कळलं असतं की गोळीची वेळ आम्ही सहसा विसरत नाही. बीपीची गोळी सकाळच्या चहाला बांधलेली असते. विसरतो ते हे, की घेतली का? मग दुपारी स्ट्रिप उलटसुलट करायची, रिकामी घरं मोजायची, आणि मध्ये एक गोळी पलंगाखाली गेली होती हे आठवलं की सगळा हिशेब कोलमडतो. परत घ्यावी तर डबल होण्याची भीती. म्हणजे आम्हाला गजर कमी, नोंद जास्त हवी. प्रश्नावलीत "औषध घ्यायला विसरता का?" एवढंच असतं, आणि आम्ही बेधडक "नाही" लिहितो.

तेव्हा मत विचारूच नकोस. काम दे. "डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी बंद केली, आता ॲपमध्ये बदल करा" असं सांग आणि हाताची घडी घालून बघत राहा. आमच्या शेजारच्या काकूंना एका मुलाने असंच ॲप दिलं होतं. वयाने बोटं कोरडी पडतात, स्पर्श चटकन लागत नाही, म्हणून त्या बटण दाबून धरतात. फोनला वाटलं लाँग प्रेस. कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं, त्यावर बोट पडलं, गोळी यादीतून गायब. काकू म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं, पण छान आहे हो." पोराने 'छान' लिहून घेतलं!

गजराचा आवाज जाड ठेव. वयाबरोबर वरचे सूर आधी जातात, बारीक टीं-टीं आम्हाला पोचतच नाही.

पॅट्रिशिया मूर नावाची अमेरिकन डिझायनर १९७९ पासून तीनेक वर्षं म्हातारीचा वेष करून गावोगाव फिरली. ऐन विशीत. कान बंद, चष्म्याने नजर धूसर, सांधे बांधलेले. कौतुकच आहे. जिने आणि लोकांच्या नजरा तिला तशा कळल्या असतील, पण चाळीस वर्षांच्या सवयी वेष करून येत नाहीत.

माणसं मिळवायला बागेत जाशील, तर तिथे धडधाकटच भेटतील. ज्यांचे गुडघे गेलेत ते घरी आहेत, तिथे जा. ओळखीच्या कुणाला तरी बरोबर घे, कारण 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्यांनी सगळे धास्तावलेत. ओटीपी लागेल असं काहीही त्यांच्या फोनवर करू नकोस, चाचणीचा फोन तुझा ने. संमतीचा कागद मोठ्याने वाचून दाखव, आणि मध्येच "नको" म्हणायची मोकळीक आहे हेही सांग. रिक्षाभाडं दे, फुकट राबवू नकोस. आणि साठीच्या नि पंचाऐंशीच्या माणसाला एकाच रकान्यात घालू नकोस, त्यांच्यात एका पिढीचं अंतर आहे.

वेळ सकाळी दहा-साडेदहाची बरी, जेवणानंतर आम्ही पडतो. रविवार मात्र टाळ. मुलं-सुना घरी असतात आणि आमच्या वतीने सगळी उत्तरं तेच देऊन टाकतात.