साठेक जणांची मॅरेथॉन

दादर, रविवार रात्र

प्रिय पोरी,

सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तू बुटाची नाडी सोडता सोडता हळूच म्हणालीस, "काकू, मी जैसलमेरच्या वाळवंटातल्या मॅरेथॉनला नाव घातलंय." पैसे भरून झाले, गाडीचं तिकीट काढून झालं, आणि मग विचारलंस, जमेल ना? सगळे इडली खायच्या घाईत होते, म्हणून मी नुसती मान हलवली. ते काही उत्तर नव्हतं. खरं उत्तर आता लिहिते आहे. लांबणार आहे, उद्या लोकलमध्ये खिडकी मिळाली तर वाच.

जमेल. पण मुंबई मॅरेथॉनच वाळूत नेऊन ठेवली आहे असं धरून चालली असशील, तर ते आधी डोक्यातून काढ.

जानेवारीतल्या त्या रविवारी आपण सीएसएमटीहून निघतो तेव्हा आपल्याला पळावं लागतच नाही, गर्दी पळवते. विरार गाडीत दारापाशी उभं राहिलं की अंधेरीला उतरायचं नसलं तरी माणसं उतरवतात, तसंच. सी लिंकवर जरा सुनं वाटतं, पण तिथंही पुढे-मागे शंभर पाठी दिसत असतात. परतीच्या पेडर रोडच्या चढावर पाय उचलेनासे झाले की कुणीतरी अनोळखी आजी मीठ लावलेला उकडलेला बटाटा हातात कोंबते, पोरंटोरं छातीवर लावलेल्या बिबवरचं नाव वाचून ओरडतात. तुझी ती चार तास चाळीस मिनिटांची वेळ आहे ना, त्यातली निदान वीस मिनिटं त्या लोकांची आहेत. रागावू नकोस, माझ्याही वेळेतली आहेत.

मी जैसलमेरच्या बाहेर धावले त्या वर्षी आम्ही सगळे मिळून साठेक जण होतो, आणि पूर्ण बेचाळीस किलोमीटरला त्यातले वीस-बावीस. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर, तिथून पुढे बस. जमिनीवर चुन्याची एक रेघ, हातात मोबाइल धरून आकडे मोजणारा एक गृहस्थ आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघणारे दोन उंट, एवढाच काय तो सोहळा. आठव्या किलोमीटरला मागे वळून पाहिलं तर कुणी नाही, पुढेही कुणी नाही. मला वाटलं होतं, अशा शांततेत माणूस आपोआप सावकाश होत असेल. मी उलट जोरात पळायला लागले. का, ते मला दोन किलोमीटरनंतर कळलं. मी घाबरले होते. सोबतीला फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज होता, त्याचीच भीती वाटली आणि मी त्याच्यापासून पळत होते. अठराव्या किलोमीटरला त्याची किंमत मोजली. पुढचं बरंचसं अंतर चालत.

म्हणून तुझ्या तयारीतला सगळ्यात अवघड भाग वाळू नाही. तू दीड खोलीत पाच माणसांत वाढलीस, पळतेस ते आमच्या वीस जणांच्या घोळक्यात, आणि घोळका नसेल तर कानात गाणी. एकटं असणं तुला ठाऊकच नाही, आणि मुंबईत ते कुणालाच नसतं. आठवड्यातून एक लांबचं पळणं एकटीने कर. इयरफोन घरी ठेव, घड्याळावर पट्टी चिकटव. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतच्या रस्त्यावर, आडवारी सकाळी बऱ्यापैकी शुकशुकाट असतो, पण तरी चालणारी माणसं असतात, म्हणून तेच सुचवते. निघताना घरी सांग, मला सांग. मी फाटकापाशी चहा घेत बसेन. एकटेपणाचा सराव करायचा म्हणजे जिवावर उदार व्हायचं असं नाही, विशेषतः आपण बायकांनी. परत आल्यावर मी एकच विचारणार: साधारण कुठवर आल्यावर कंटाळा आला आणि त्यानंतर पायांचा वेग वाढला की कमी झाला? ते सांगता यायला लागलं की अर्धं काम झालं.

आता वाळू. कोरड्या, सैल वाळूत पळायला कडक जमिनीच्या साधारण १.६ पट ऊर्जा लागते, असं मोजून झालेलं आहे. पाय मागे रेटला की वाळू सरकते, आणि आपण दिलेला जोर निम्मा-शिम्मा तिच्या पोटात जातो. अख्खी शर्यत टेकड्यांवरून नसते. बरंचसं अंतर खडकाळ माळ आणि गाडीवाटा असतात, पण गाडीवाटेवरही मध्येच घोटाभर भुसभुशीत पट्टा येतो. तिथे तंत्र एकच: पावलं लहान, टाच कमी, आणि चढ आला की मुकाट्याने चालायचं. चालण्याची लाज मुंबईत ठेवून जा. ठरलेल्या वेळेत सव्वा-दीड तास सरळ मिळव.

त्यासाठी आपल्याकडे जुहू आहे. वरच्या कोरड्या वाळूत आधी वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. पोटऱ्या आणि टाचेची शीर दुसऱ्या दिवशी बोलतील, त्यांचं ऐक. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितकं जाशील तितकंच त्याच बाजूने परत ये, नाहीतर कमरेची एकच बाजू धरेल. आणि अनवाणी नको, काय काय पुरलेलं असतं त्या वाळूत ते न सांगितलेलं बरं.

घामाचं मात्र नीट समजून घे, कारण इथेच मुंबईकर फसतो. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, निथळतो. टी-शर्ट पिळून काढता येतो आणि आपल्याला कळतं की किती पाणी गेलं. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. अंग कोरडं, म्हणून वाटतं, अरे वा, आज घामच नाही. तासाभराने कानशिलावरून हात फिरवलास की बोटांना मीठ लागेल. तो सगळा घामच होता. एका अर्थी तिथली हवा आपल्यावर मेहेरबान आहे, कारण घाम उडाला की अंग थंड होतं. इथे नुसता गळणारा घाम काही कामाचा नसतो. ऑक्टोबर हीटमध्ये आरे कॉलनीतून पळालेल्या पोरीला तिथल्या थंडीच्या दिवसांतल्या उन्हाची फार धास्ती नको. पण त्या मेहेरबानीत पाणी चोरीला जातं, आणि चोरी झाल्याचं कळत नाही.

म्हणून भसाभस पाणी प्यायचं का? तेही नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम हवं त्यापेक्षा खाली उतरलेलं निघालं, आणि त्याचा मोठा संबंध होता तो वाटेत जास्त पिण्याशी. हळू पळणारे, चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणारे, यांना तो धोका अधिक. म्हणजे तू आणि मी. तहान लागली की घोट घोट पी. केमिस्टकडे मिळतं ते साधं ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून, एका बाटलीत ठेव. दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी. खारे शेंगदाणे खिशात. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, मळमळायला लागलं, डोकं जड झालं, तर पाणी थांबव आणि माणूस गाठ. आणि पाय दुखतात म्हणून वाटेत वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. अंगात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर बसते. आपल्या ग्रुपमधले दोघे शर्यतीच्या सकाळी शेंगदाण्यासारख्या त्या गोळ्या खातात. त्यांचं काही शिकू नकोस.

कपड्यांचं थोडक्यात. पहाटे जैसलमेरचा पारा सात-आठवर असतो, आपल्याला ती सवय नाही. सूर्य वर आला की दोन तासांत जाकीट काढून कमरेला बांधशील, कारण कोरडी हवा आणि वाळू उष्णता धरून ठेवत नाहीत, जितक्या झटकन तापतात तितक्या झटकन निवतात. पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाल, मानेवर पडेल अशी टोपी घाल. जाळीच्या बुटातून वाळू आत येते, ती मोज्यात शिरली की फोड ठरलेला, म्हणून बुटावर गेटर्स, म्हणजे घोट्याभोवती बसणारी कापडी आवरणं, लागतील. त्याशिवाय तिथलं भरूट नावाचं गवत आहे, त्याची काटेरी बोंडं मोज्यांना अशी चिकटतात की आपली कुसळं परवडली. उपटायला थांबायचं, पळता पळता नाही.

आणि जे ग्रुपवर कुणी विचारत नाही ते. आडोसा नसतो. मैलोगणती नसतो. अधूनमधून एखादी खेजडी उभी असते (ती आपली शमीच, तिच्याच शेंगांची सांगरी तिथे भाजीत खातात), पण तिच्या सावलीत आधीच बकऱ्या आणि त्यांचा मालक बसलेला असतो. मी एक जुना पातळ दुपट्टा कमरेला गुंडाळून नेला होता. ऊन, वारा, आडोसा, तिन्हीला तो पुरला. पाळीची तारीख तेव्हाच येत असेल तर घाबरू नकोस. नेहमीचंच वापर, नवीन काहीही त्या दिवशी पहिल्यांदा नको, आणि वापरलेलं परत आणायला एक बंद होणारी पिशवी ठेव. ब्राच्या पट्टीखाली, काखेत, मांड्यांना व्हॅसलीन सढळ हाताने. वाळू आणि मीठ मिळून सॅंडपेपर होतो.

छोट्या शर्यतीला नाव घालण्याआधी फोन करून चार प्रश्न विचारायचे असतात. तू घालून बसलीस, तरी आता विचार. पाणी किती किलोमीटरवर आहे? खुणा कशाच्या आहेत आणि आदल्या दिवशी त्या कोण तपासतं? शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे गाडी किंवा माणूस असतो का? डॉक्टर जागेवर आहे की नुसता फोनवर, आणि सगळ्यात जवळचं हॉस्पिटल किती लांब? संकोच करू नकोस. छोट्या शर्यती प्रेमाने भरवतात, चार-पाच माणसं घरचं कार्य असल्यासारखी राबतात, रात्री आपल्याबरोबर बाजरीच्या भाकऱ्या खातात. मला त्या मोठ्या शर्यतींपेक्षा आवडतात ते त्यामुळेच. पण प्रेमाने खुणा उभ्या राहत नाहीत. आमच्या वेळी लाल फडकी बांधली होती काठ्यांना. रात्रीत वाऱ्याने काही पाडली, काही बकऱ्यांनी नेली असावीत. मी एका जीपच्या चाकोरीमागे दीड-दोन किलोमीटर भलतीकडे गेले. चाकोरी इतकी ठसठशीत होती की वाटलं, हीच असणार. एका गुराख्याने लांबून काठी हलवली. मला वाटलं, प्रोत्साहन देतोय! मी हात हलवून पुढे. शेवटी बिचारा धावत आला.

त्यामुळे माझा नियम: शेवटची खूण दिसल्यानंतर पाच मिनिटांत पुढची दिसली नाही, तर आल्या पावली शेवटच्या खुणेपर्यंत परत. पुढे सापडेल म्हणून पुढे जायचं नाही. मोरोक्कोच्या सहारातली मोठी शर्यत, मॅरेथॉन दे साब्ल, १९८६ साली पॅट्रिक बाउअर नावाच्या फ्रेंच माणसाने सुरू केली तेव्हा तीही एवढुशीच होती, २३ जण. १९९४ साली तिथे माउरो प्रोस्पेरी नावाचा इटालियन वाळूच्या वादळात सापडला. वादळ शमल्यावर वाट दिसेना, तरी तो चालत राहिला, एका सुन्या दर्ग्यात आसरा घेतला, वटवाघळांचं रक्त प्यायला, आणि नऊ-दहा दिवसांनी सापडला तो सीमेपलीकडे, अल्जीरियात. पेंटॅथलॉनचा, म्हणजे पाच खेळांच्या स्पर्धेचा, कसलेला खेळाडू होता तो. तुला भीती घालायला नाही सांगत, तुझ्या शर्यतीला हाक मारली तर ऐकू येईल इतक्यावर गाव असेल. पण वारा सुटला, दिसेनासं झालं, तर पाठ वाऱ्याला करून, तोंडावर दुपट्टा घेऊन खाली बसायचं. बसलेला माणूस सापडतो.

आणि सोडून द्यायचं कधी, ते इथेच ठरव, तिथे नाही. माझे तीन निकष आहेत: उन्हात थंडी वाजून काटा आला, सरळ रेषेत चालता येईना, किंवा घरचा फोन नंबर उलटा म्हणता येईना. तिसरा माझा स्वतःचा शोध आहे, हसू नकोस. वाटेत दुसरं कुणी बरळताना, झोकांड्या देताना दिसलं, तर तुझी शर्यत तिथेच संपली. त्याला सावलीत घे, असेल नसेल ते पाणी अंगावर ओत, वारा घाल आणि निरोप पाठव. आधी थंड करायचं, मग हलवायचं. मोठ्या शर्यतीत हे काम दुसरं कुणी करतं. इथे दुसरं कुणी म्हणजे तूच.

मी शेवटच्या तीन जणींत पोचले. चुन्याची रेघ पुसली गेली होती, मोबाइलवाले गृहस्थ खुर्चीत पेंगत होते. त्यांनी दचकून टाळ्या वाजवल्या, एकट्याने, बराच वेळ. मग कपभर चहा दिला, भरपूर साखरेचा. मेडल मागाहून कुरिअरने आलं, ते कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते आता शोधावं लागेल. त्या माणसाच्या टाळ्या मात्र अजून ऐकू येतात.

तर येत्या रविवारी पाच वाजता जुहू, कोळीवाड्याच्या बाजूला. भरतीचं वेळापत्रक बघून ठेव. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका रविवारी पहाटे ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळी पाणी पार वर आलेलं असतं. आपल्याला ते सोयीचंच आहे: ओहोटीच्या रविवारी ओल्या घट्ट वाळूत लांबचं पळणं, भरतीच्या रविवारी वरच्या सैल वाळूत थोडंसं. दोन्ही बाटल्या भरून आण, रिकाम्या नाही. माझे गेटर्स देते, एकाचं वेल्क्रो गेलंय. कबुतरखान्याच्या पुढे चांभार बसतो त्याच्याकडून शनिवारी शिवून घे, तीस रुपये म्हणेल, वीस दे.

तुझी
काकू

ता. क. आईला सांगितलं आहेस ना? नसशील तर आधी ते.