वाचकांची पत्रं : विसार देण्याआधी

पाऊस उघडला की ‘जरा गाडी बघायला येता का?’ असे फोन मला सुरू होतात. हातखंब्याजवळ गॅरेज चालवायला लागून सव्वीस वर्षं झाली, आणि जुनी गाडी घेणाऱ्या माणसाची घालमेल मी रोज बघतो. घरातली साठवलेली पुंजी त्यात जाते. या महिन्याच्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्यातला धोका मोठा आहे आणि वेळ थोडा.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. दोघांच्या शाळा दोन दिशांना. पावसात स्कूटरवरून जाणं आता झेपत नाही. चिपळूणच्या एका एजंटाकडे २०१७ ची पेट्रोल गाडी बघितली. पहिलाच मालक, ४१ हजार किलोमीटर, रंग चकचकीत, सीट कव्हरं कोरी. अशा गाड्या चार लाखांच्या आसपास जातात, ही सव्वातीनला देतोय. रविवारपर्यंत विसार द्या म्हणतो. घ्यावी का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : ताई, रविवारी विसार देऊ नका. पाऊण लाख कमी का, याचं उत्तर मिळेपर्यंत पैसे घरातच राहू देत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तुमची ही गाडी चार वर्षांची होती. त्या पुरात बुडालेल्या गाड्या पुढचे कित्येक आठवडे आमच्याकडे ओढून आणल्या जात होत्या. चिपळूणची गाडी म्हणजे बुडालेलीच, असं मी मुळीच म्हणत नाही. उंचावरच्या वस्त्यांत पाणी पोचलंसुद्धा नाही. उलट ‘घाटावरून आणलीय’ असं कुणी सांगितलं तरी निर्धास्त राहू नका. कोल्हापूर-सांगलीने २०१९ चा आणि २०२१ चा असे दोन पूर पाहिलेत. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते, म्हणून गाव बघून ओळख पटत नाही. गाडीच बघावी लागते.

२०२२ च्या मे महिन्यात एक नर्सबाई आणि त्यांचे यजमान गाडी घेऊन आले. घेऊन दहा दिवस झाले होते. तक्रार एवढीच, की एसी लावला की कुबट वास येतो. मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत गेलो, अगदी शेवटापर्यंत. वरचा पट्टा काळाभोर, स्वच्छ. शेवटची वीतभर पट्टी मात्र तपकिरी, कडक झालेली, मधोमध पाण्याची आडवी रेघ. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला तर बारीक गाळ बोटाला लागला. त्या बराच वेळ बोटाकडे बघत बसल्या. पुढच्या आठ महिन्यांत आधी काचेची मोटर गेली, मग पॉवर स्टीअरिंगचा दिवा लागायला लागला, मग एका पहाटे ड्यूटीला निघताना गाडी सुरूच झाली नाही. पाणी इंजिनातून काढता येतं. वायरिंगच्या जोडांत एकदा शिरलं की तिथे हिरवट क्षार धरतो आणि तो महिनोन्महिने आतून खात राहतो. त्या दोघांना विसाराच्या आधी भेटलो असतो, ही रुखरुख मला अजून आहे.

म्हणून तुम्हीही चारही बेल्ट शेवटापर्यंत ओढा. पुढची सीट मागे सरकवून तिचे रूळ बघा. २०१७ च्या गाडीत त्यांवर गंज असायचं काही कारण नाही. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचला आणि खालचा फोम दाबा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खळग्यात हात फिरवा. गाडी धुणारा तिथपर्यंत सहसा जात नाही, तिथे गाळ राहतो. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून स्क्रूंची डोकी बघा. कोरी सीट कव्हरं आणि गाडीत भरून राहिलेला अत्तराचा वास, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी कव्हर वर करून बघतोच. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

आता कागद. एजंटाकडे विम्याची चालू पॉलिसी मागा आणि तिच्यावर ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के आहे ते वाचा. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. दावा केला की साधारणपणे तो शून्यावर येतो. एकाच मालकाची २०१७ ची गाडी, कधी ओरखडासुद्धा नाही म्हणतात, आणि बोनस २० टक्के? मग त्या घराने दोन वर्षांत कधीतरी दावा केलाय किंवा मध्ये विमा बंद पडू दिलाय. पॉलिसी क्रमांक घेऊन विमा कंपनीच्या शाखेत विचारणा करायला मालकाला बरोबर न्या. खरा मालक येतो. एजंट ‘मालक दुबईला आहेत’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

किलोमीटरचा आकडा हल्ली लॅपटॉप लावून बदलता येतो, त्यावर भिस्त ठेवू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर जुन्या नोंदी असतात, प्रत्येक वेळचं रीडिंग त्यांत असतं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. ४१ हजारांच्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील, क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत असेल, तर मीटर काहीही म्हणो, गाडी जास्त पळालीय.

बघायला सकाळी जा आणि ‘आम्ही येईपर्यंत सुरू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर चहा प्या, दोन-तीन तास थांबा. गार इंजिन सुरू होताना जे आवाज आणि जो धूर निघतो तो गरम झाल्यावर लपतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर लगेच घाबरू नका, आपल्याकडच्या दमट हवेत रोज थोडंच चालणाऱ्या गाडीत ती धरते. पण डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइलही दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय आणि खर्च इंजिन खोलण्याचा आहे. मग खेडच्या बाजूचा एखादा चढ गाठा, तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट गेली.

आणि तुमच्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, एजंटाच्या ओळखीचा नको. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी मोकळ्या हाताने द्या.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, कुडाळचा. ठाण्याच्या मामाची २०११ ची डिझेल गाडी गावच्या घराला लागून दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. ‘दीड लाख दे आणि घेऊन जा’ म्हणतो. मामाच्या गाडीची तपासणी करायची म्हणजे कसंतरीच वाटतं. काय करू?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : तपासणी कर, आणि मामाला सांगून कर. ‘मामा, गाडी मलाच हवीय, पण काय काय काम निघतं ते मेकॅनिकला एकदा दाखवतो, मग आपण भाव ठरवू,’ एवढं फोनवर बोल. मामा रागावणार नाही. न बघता घेतलीस आणि चौथ्या महिन्यात चाळीस हजारांचं काम निघालं, तर ते तू मामाला बोलू शकणार नाहीस आणि मनातून काढूही शकणार नाहीस. गणपतीत त्याच घरात एका पंगतीला बसायचंय.

दोन पावसाळे उभी राहिलेली गाडी किल्ली मारून सुरू करून बघायची नाही, ही पहिली गोष्ट. आधी बॉनेट उघड आणि एअर फिल्टरचा डबा खोल. आपल्याकडे गवत, काथ्या, आंब्याच्या कोयी असं सगळं आणून उंदीर तिथे घर करतात, आणि वायरींची सालं कुरतडतात. कुरतडलेली वायर चालू केलीस तर शॉर्ट होईल. टाकीतलं डिझेल काढून टाक. दमट हवेत टाकीत पाणी सुटतं आणि ते पंपात, इंजेक्टरमध्ये गेलं की खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. डिझेल फिल्टर, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं नवीन. बॅटरी गेली असं धरूनच चाल. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे ब्रेक गंजून चिकटलेले असणार. टायर नक्षीला चांगले दिसतील, पण एका जागी वजन धरून त्यांच्या कडांना चिरा पडतात. टायमिंग बेल्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या पट्ट्याची) गाडी असेल तर किलोमीटर कितीही असोत, बेल्ट वयामुळे बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

हे सगळं धरून खर्चाचा अंदाज कागदावर लिहून घे आणि तोच कागद मामाला पाठव.

दुसरं, २०११ च्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी २०२६ मध्ये संपते. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, पण त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि नूतनीकरणाची जी फी आधी ६०० रुपये होती ती एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली आहे. दीड लाख देण्याआधी हा हिशोब मांड. विमा आणि पीयूसी संपलेले असणार, म्हणून निदान थर्ड पार्टी विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नकोस. गॅरेजपर्यंत क्रेनवरून ने.

प्रश्न : समुद्राकाठची गाडी घेऊच नये म्हणतात. खरं का? आमच्याकडे सगळ्याच गाड्या समुद्राकाठच्या.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : तुमचं म्हणणं रास्त आहे. गाडी कुठल्या गावची यापेक्षा रात्री कुठे उभी राहते आणि कुणी कशी धुतली, हे विचारा. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर राहिलेली आणि शेडमध्ये राहून आठवड्याला खालून गोड्या पाण्याने धुतलेली, या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वाळूवर, लाटांच्या कडेने फिरवलेली गाडी मात्र मी घेणार नाही. ती ओळखायची तर चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, भोकांत बोट घालून बघा, वाळू वर्षानुवर्षं तिथे राहते.

गंज दिसतो शेवटी, सुरू होतो आतून. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात; लाल माती आणि पाला बसून ती बुजतात आणि दार आतल्या आत सडतं. ती कड चिमटीत धरून बघा. मग गाडी रॅम्पवर चढवून खाली वाका : जॅक लावायची जागा, चाकाच्या कमानीची आतली कड, ब्रेकच्या नळ्या. तपकिरी पूड असेल तर घासून रंगवता येते. पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील तर नको. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका, धड पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द. सगळं खालचं अंग जुनं आणि एकाच भागावर ताजा काळा थर दिसला, तर तो थर कशावर मारलाय ते विचारा. रंगाखाली पुट्टी भरलीय का, यासाठी फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. बंपर प्लॅस्टिकचेच असतात, तिथे ते लावून फसू नका.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी गाडी विकली, पैसेही मिळाले. आता तिचे दंड माझ्या मोबाइलवर येतात. घेणारा फोन उचलत नाही.
— एक वाचक, लांजा

उत्तर : गाडी अजून तुमच्याच नावावर आहे. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून आजच खात्री करा. दंड त्यातल्या त्यात किरकोळ म्हणायचा. त्या गाडीने कुणाला उडवलं आणि विमा नसला, तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडे मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितलं आहे. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून नावावर करून घ्यायची असते. नुसत्या सह्या करून एजंटाच्या हाती फॉर्म दिले की ते त्याच्या खणात राहतात.

विक्रीची पावती, पैसे जमा झाल्याची बँकेची नोंद आणि घेणाऱ्याचं जे ओळखपत्र तुमच्याकडे असेल ते जोडून आरटीओत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेणाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. तो जागचा हलला नाही तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आणि फास्टॅग तुमच्या बँक खात्याला जोडलेला राहिला असेल तर तोही आज बंद करा, नाहीतर त्याचा टोल तुमच्याच खात्यातून कापला जात राहील.