मन थाऱ्यावर नसताना सुरुवात कुठून करावी?

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम, करा, तीही रिकाम्या पोटी. पाठ ताठ, अंगठ्याने कानाच्या छिद्रासमोरचा छोटा उंचवटा हलकेच दाबून कान मिटायचे, नाकाने श्वास घेऊन सोडताना गुंजन. पाच ते सात आवर्तनं पुरे. नवखे हमखास गुंजन लांबवतात, मग धाप लागते आणि धडधड उलट वाढते. छातीत घालमेल असेल तर कपालभाती (झटक्याने श्वास बाहेर टाकायची क्रिया) तूर्तास नकोच.

झोपताना तळपायांना चमचाभर कोमट तिळतेल चोळा, नंतर नीट पुसा. चाळीतल्या गुळगुळीत लाद्यांवर पाय सटकतो. मे महिन्यातल्या घामात खोबरेल बरं. अश्वगंधा मात्र मनाने घेऊ नका. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी विचारा.

वाचनासाठी ‘मनाचे श्लोक’ घ्या. एकूण २०५ आहेत, रोज एकच, मोठ्याने. विरार लोकलच्या गर्दीत जमणार नाही, घरीच वाचा.

आसनं मात्र व्हिडिओ बघून नको, शिक्षकासमोर शिका. सांताक्रूझला १९१८ सालची योग संस्था आहेच. दोन आठवडे झोप उडालेली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. चालू गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत.