सेशेल्सचा दयाळ आपल्या दयाळासारखाच असतो का?

भाऊबंद आहेत, पण फरक लगेच कळतो. आपल्या खान्देशात मार्च-एप्रिलात भल्या पहाटे कडुलिंबाच्या शेंड्यावर बसून गोड शीळ घालतो तो काळा-पांढरा दयाळ. त्याचं पोट पांढरं, शेपटीच्या कडा पांढऱ्या, आणि मादी करडी. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचा मात्र पोटापासून शेपटीपर्यंत निळसर झाक असलेला चकचकीत काळा; पंखावर तेवढा एक पांढरा पट्टा. नर-मादी दिसायला सारखेच. अंगानेही आपल्यापेक्षा मोठा.

राहतो गर्द झाडीत आणि बागांमध्ये, पण खातो जमिनीवर. केळीच्या बागेत पाचोळा उलटणारा आपला दयाळ पाहिला असेल, तर अंदाज येईल. तिकडची मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे हा पक्षी महाकाय कासवांच्या मागे मागे फिरतो! कासवाच्या पायांनी पाचोळा हलला की बाहेर पडणारे किडे टिपायचे. नांगरामागे बगळे चालतात ना, अगदी तसंच.

बेटांवर मांजर-उंदरांसारखे शिकारी प्राणी नव्हते, म्हणून तो निर्धास्त. माणसाबरोबर मांजरं आणि उंदीर आले तेव्हा हाच स्वभाव नडला. त्यात मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, आपली चार-पाच घालते. 1960 च्या दशकात फ्रेगेट या एकाच बेटावर जेमतेम 15 पक्षी उरले होते. मग मांजरं हटवली, 1990 च्या दशकात काही पक्षी कझिन (Cousin) आणि कझीन (Cousine) या शेजारी-शेजारी असलेल्या दोन बेटांवर नेले, नंतर डेनिस आणि अराइडवरही. आता ते काहीशे झालेत, तरी धोका टळलेला नाही.