समुपदेशनाच्या एका सत्राचे हजार रुपये सांगितलेत, एकूण खर्च किती येईल?

तुम्ही राजापूरचे, बहिणीला दोन महिने झोप नाही, कशात मन लागत नाही आणि रत्नागिरीच्या समुपदेशकांनी सत्राचे हजार सांगितलेत. नुसत्या हजारावरून काही ठरवू नका. भेटी साधारण किती लागतील, ते आधी विचारा.

सत्र ४५-५० मिनिटांचं असतं. पहिल्या भेटीत सगळी माहिती घेतात, ती तास-दीड तास चालते, म्हणून तिची फी कधीकधी जास्त असते. समजा १५००. पुढे दर आठवड्याला एक अशी सहा सत्रं, मग पंधरा दिवसांनी एक अशी चार. साडेतीन महिन्यांत फीच ११,५०० झाली. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून खेपेला ३०० धरले, तर अकरा खेपांचे आणखी ३,३००. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सोबत जाणाऱ्या भावाला पूर्ण पडतं.

खरं नुकसान होतं ते तीन सत्रांनंतर पैसे संपले म्हणून थांबल्यावर. तोवर ओळख आणि विश्वास जेमतेम जमलेला असतो, आणि मग घरचे म्हणतात, ‘काय उपयोग झाला?’ म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, ‘आमच्याकडे सहा सत्रांपुरतेच पैसे आहेत.’ यात लाजण्यासारखं काही नाही. त्याप्रमाणे एकच उद्दिष्ट ठरवता येतं, उदाहरणार्थ झोप. काही जण परिस्थिती पाहून फी कमीही करतात. दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ मात्र भरू नका, कारण समुपदेशकाशी जुळतंय की नाही ते दोन-तीन भेटींनंतरच कळतं.

भेट रद्द करायची तर बहुतेक ठिकाणी २४ तास आधी कळवावं लागतं, नाहीतर फी लागते. अर्जुना-कोदवलीला पूर आला आणि निघताच आलं नाही तर काय, आणि ऑनलाइन सत्रात रेंज गेली तर पैसे पूर्ण की अर्धे, हे आधीच ठरवून घ्या. मानसशास्त्रीय चाचण्यांचे पैसे वेगळे असतात. सुचवल्या तर कशासाठी, ते विचारा.

पदवीही विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची (मानसिक आजारांवर औषधाशिवाय उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नंबर मागता येतो. औषध समुपदेशक देत नाहीत, ते डॉक्टरच देतात, सहसा मानसोपचारतज्ज्ञ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण साध्या पॉलिसीत दाखल न होता घेतलेल्या उपचाराचे पैसे सहसा मिळत नाहीत. ओपीडीचं कलम वाचा.

इतका खर्च करण्याआधी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत एकदा दाखवून घ्या. नावाला बिचकू नका, दाखवायला गेलं म्हणजे कोणी दाखल करून घेत नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही मोफत, चोवीस तास चालू, आणि मराठीत बोलता येतं.

बहीण जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल किंवा जेवण सोडलं असेल, तर फीचा हिशेब बाजूला ठेवा. तिला एकटी सोडू नका आणि आजच डॉक्टरकडे न्या.